बेरिक नसलेलं बेरिकशायर

मे महिना जवळ आला की मला मेसेज यायला लागतात. चुलतभाऊ, बहिणीची मैत्रीण, आमच्या जुन्या बिल्डिंगमधले काका, सगळ्यांचं साधारण एकच, "आम्ही तिकडे येतोय गं, स्कॉटलंडला पाच दिवस ठेवलेत, काय काय बघू?" आणि खाली यादी तयारच असते, एडिनबराचा किल्ला, लॉख नेस, ग्लेनको, आयल ऑफ स्काय, सगळं एका भाड्याच्या गाडीत बसवलेलं, रोज सहा-सात तास ड्रायव्हिंग आणि रोज रात्री नवं हॉटेल. मी कोणाला नाही म्हणत नाही, स्काय सुंदरच आहे, त्यात वादच नाही. पण हल्ली मी प्रत्येकाला एक विनंती करते, की यातले तीन दिवस काढा आणि बेरिकशायरला द्या. एकाच ठिकाणी बॅगा टाका, तिथल्याच गावांमधनं हिंडा, संध्याकाळी त्याच घरी परत या.

बेरिकशायर म्हणजे स्कॉटलंडचा आग्नेय कोपरा. एका बाजूला उत्तर समुद्र, खाली ट्वीड नदी आणि नदीपलीकडे इंग्लंड, वर लॅमरम्युअरचे डोंगर. एडिनबराहून लंडनकडे जाणारी ट्रेन याच किनाऱ्याने जाते आणि बहुतेक टुरिस्ट खिडकीतनं एक फोटो काढून पुढे निघून जातात. मजा म्हणजे ज्या बेरिक शहरावरून या जिल्ह्याला नाव पडलं ते शहरच या जिल्ह्यात नाही! दोन्ही राज्यांमध्ये त्या शहराची इतक्या वेळा ओढाताण झाली, आणि १४८२ साली इंग्लंडने ते शेवटचं घेतलं ते कायमचं. मग जिल्ह्याचा कारभार कधी ग्रीनलॉमधनं, कधी डन्समधनं चालला. १९७५ मध्ये तर कागदोपत्री जिल्हाच गेला, सगळा भाग मोठ्या बॉर्डर्स विभागात गेला. लोक मात्र अजून आम्ही बेरिकशायरचे असंच सांगतात, आणि मलाही तेच नाव आवडतं.

सुरुवात कुठून करायची तर सिकर पॉइंटपासून, यावर मी ठाम आहे. कोबर्न्सपाथ गावाजवळ समुद्रात घुसलेलं एक खडकाळ टोक आहे, बस. तिकीट नाही, कॅफे नाही, टॉयलेटसुद्धा नाही. रस्त्याकडेला गाडी लावायची, एका पडक्या चॅपलजवळनं, शेताच्या कडेकडेने चालत जायचं, आणि मग अचानक गवताचा उतार संपतो आणि खाली ते खडक दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की ह्यात काय बघायचंय. म्हणून थोडी गोष्ट आधी माहीत असलेली बरी.

जेम्स हटन नावाचा एडिनबराचा माणूस, जन्म १७२६ चा, डॉक्टरकी शिकला पण डॉक्टरकी केली नाही, आणि बेरिकशायरमध्ये वडिलोपार्जित जमीन होती तिथे येऊन शेती करायला लागला. स्लाइहाउसेस नावाचं शेत होतं त्याचं. शेतकऱ्याला जे दिसतं तेच त्याला दिसलं, की दर पावसात माती वाहून ओढ्यात जाते, ओढ्यातनं नदीत, नदीतनं समुद्रात. पण मग असंच चालू राहिलं तर जमीन संपायला हवी, ती संपत का नाही? म्हणजे कुठेतरी नवी जमीन तयार होत असणार, समुद्राच्या तळाशी गाळ साठून त्याचा दगड होत असणार आणि तो परत वर येत असणार. आणि हे सगळं व्हायला लागणारा वेळ? त्या काळात युरोपात पृथ्वीचं वय जेमतेम सहा हजार वर्षं धरायचे, बायबलच्या हिशोबाने. हटनचा हिशोब त्यात बसतच नव्हता.

१७८८ साली तो, त्याचा मित्र जॉन प्लेफेअर आणि जवळच्या डंगलासचा जेम्स हॉल असे तिघं बोटीतनं किनाऱ्या-किनाऱ्याने खडक बघत निघाले आणि या टोकाला आले. खाली करड्या रंगाचे थर आहेत, पार उभे, आणि त्यांच्या डोक्यावर लाल वाळूच्या दगडाचे थर, जवळजवळ आडवे. फडताळात पुस्तकं उभी लावावीत आणि जागा नाही म्हणून वर चार मासिकं आडवी टाकावीत, अगदी तसं. पण गाळ कधी उभा साठत नाही, तो आडवाच साठतो. म्हणजे ते करडे थर आधी समुद्राच्या तळाशी आडवे साठले, दगड झाले, मग दोन भूभाग एकमेकांवर येऊन दाबले गेले तसे ते दुमडून उभे राहिले, पाण्याबाहेर आले, डोंगर झाले, ते डोंगर झिजून सपाट झाले, आणि त्या झिजलेल्या कडांवर पुन्हा नव्याने नद्यांनी लाल वाळू आणून टाकली, तिचाही दगड झाला. एवढी सगळी कथा त्या दोन रंगांमधल्या एका रेषेत आहे. प्लेफेअरने नंतर लिहून ठेवलंय की काळाच्या खोल दरीत इतकं लांबवर बघताना मन गरगरायला लागलं होतं.

आज खालच्या दगडाचं वय सुमारे ४३.५ कोटी वर्षं सांगतात आणि वरच्याचं सुमारे ३७ कोटी. मी सह्याद्रीत वाढलेली, ट्रेकिंगमुळे एक आकडा कायम डोक्यात असतो, आपला दख्खनचा काळा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आता वजाबाकी करून बघा. राजगड, रायगड, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, हे सगळं तयार होऊन आजपर्यंत जेवढा काळ लोटला, जवळजवळ तेवढाच काळ सिकर पॉइंटला त्या दोन थरांच्या मधल्या फटीत गेलाय, आणि तिथे तळहात ठेवला तर अंगठा एका काळात आणि करंगळी दुसऱ्या! मला हे जेव्हा पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी तिथेच खाली बसले होते, आणि अजूनही जाते तेव्हा तो हात ठेवल्याशिवाय परत येत नाही.

फक्त एक सांगते, खाली उतरायचा उतार फार तीव्र आहे आणि ओल्या गवतावरून पाय सटकतो. बाबांना गुडघ्यांमुळे मी उतरू दिलं नाही, ते वरच बसले, आणि वरूनही दोन्ही थर अगदी स्वच्छ दिसतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. पाऊस असेल तर कोणीच उतरू नका.

तिथनं जवळच कोव्ह म्हणून एक बारकंसं बंदर आहे, डोंगरातनं खोदलेल्या बोगद्यातनं चालत जावं लागतं, पलीकडे दोन-तीन घरं, धक्का आणि लाल कडे. तिथे डबा खायचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्टपॅट्रिकपासून निघणारी ३४४ किलोमीटरची सदर्न अपलँड वे ही पायवाट याच भागात येऊन संपते, त्यामुळे कधीकधी पाठीवर मोठी सॅक घेतलेली, थकलेली आणि खूप आनंदी माणसं भेटतात. थांबून अभिनंदन करा, त्यांना फार बरं वाटतं.

दुसरा दिवस समुद्राचा. सेंट अ‍ॅब्स हेडला जा आणि शक्यतो मे ते जुलैमध्ये जा, कारण तेव्हा कडे पक्ष्यांनी भरलेले असतात. सातव्या शतकात एब्बा नावाची एक राजघराण्यातली बाई इथे मठाची प्रमुख होती, तिच्यावरून हे नाव. हे कडे जुन्या लाव्हाचे आहेत, म्हणून आपल्याला रंग थोडा ओळखीचा वाटतो. गावातनं वर चढून तासाभराची चाल आहे, आणि कड्याजवळ येताना आधी वास येतो, मग आवाज, मग पक्षी दिसतात. वासाने आई आधी नाक दाबून उभी राहिली होती, पाच मिनिटांत विसरली.

गिलेमॉट नावाचा काळा-पांढरा पक्षी आहे, तो घरटं बांधतच नाही. कड्याच्या वीतभर पट्टीवर सरळ दगडावर अंडं घालतो, एकाला एक खेटून शेकडो उभे असतात. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं, अजून धड उडताही येत नाही, की ते संध्याकाळच्या सुमाराला सरळ त्या कड्यावरून खाली समुद्रात उडी मारतं. खाली बाप हाका मारत असतो. मग बाप आणि पिल्लू पोहत पोहत खोल समुद्राकडे जातात आणि पुढचे कित्येक आठवडे बापच त्याला सांभाळतो. आम्ही गेलो तेव्हा अशी एक उडी बघायला मिळाली, पिल्लू दोनदा कडेपर्यंत येऊन मागे फिरलं, आमच्या शेजारी दुर्बीण घेऊन बसलेल्या आजी पुटपुटत होत्या, आई मराठीत "जा रे बाळा, जा" करत होती, आणि मग ते गेलं. पाण्यात पडल्यावर क्षणभर दिसेना, आणि मग मोठ्या पक्ष्याच्या बाजूला तो ठिपका दिसला, तेव्हा आजींनी आईचा हात दाबला. दोघींची भाषा वेगळी, पण काही अडलं नाही.

किटिवेक नावाचे समुद्रपक्षी मात्र पूर्वीइतके राहिले नाहीत. गेल्या काही दशकांत त्यांची संख्या खूप घटलीय, समुद्र तापतोय आणि सँडईल नावाचा जो बारका मासा ते खातात तो कमी झालाय हे त्याचं मोठं कारण मानतात. हे कडे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड सांभाळतं, आणि तिथले रेंजर विचारलं तर मनापासून माहिती देतात. विचाराच. टोकाला १८६२ चं दीपगृह आहे, स्टीव्हन्सन बंधूंचं, आणि ते कड्याच्या माथ्यावर न बांधता खालच्या अंगाला बांधलंय, त्यामुळे दिव्याकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. या किनाऱ्यावर समुद्रावरून दाट धुकं येतं, इथे त्याला हार म्हणतात, उन्हाळ्यातसुद्धा अर्ध्या तासात सगळं पुसून टाकतं, दिवा उंच ठेवला तर त्यात हरवून जाईल.

खाली गावात आलात की खेकड्याचं सँडविच खायचं. वेंगुर्ल्याच्या माहेराची असल्यामुळे आईचा खेकड्याच्या बाबतीत शब्द शेवटचा असतो, आणि तिने पास केलं, फक्त मिरपूड अजून हवी होती म्हणाली. धक्क्यावरच लाइफबोट स्टेशन आहे. १९०७ साली इथल्या खडकांवर एक डॅनिश जहाज फुटलं, आतली सगळी माणसं गेली, गाव किनाऱ्यावरून बघत राहिलं, काही करता आलं नाही. त्यानंतर १९११ मध्ये इथे लाइफबोट आली. २०१५ साली राष्ट्रीय संस्थेने हे स्टेशन बंद करायचं ठरवलं, तर गावाने स्वतः वर्गणी काढली, एका स्कॉटिश बिस्किट कंपनीनेही मोठी मदत केली, आणि २०१६ पासून गावाची स्वतःची बोट आहे. एवढंसं गाव! डब्यात दोन-चार पाउंड टाकून या, मी तर म्हणेन ते तुमच्या ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं तिकीट.

आणि हे लोक बोटीच्या बाबतीत इतके हट्टी का, ते पाचेक किलोमीटरवर आयमाउथला गेलात की समजतं.

१४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. आधीचे काही दिवस हवा खराब होती, बोटी धक्क्यालाच. घरात पैसे नाहीत. त्या दिवशी सकाळी समुद्र शांत, ऊन पडलेलं, पण बंदरातला बॅरोमीटर फार खाली उतरलेला. अनुभवी माणसांना भीती होती, तरी एक निघाला म्हणून दुसरा, दुसरा म्हणून तिसरा, असे सगळे गेले. दुपारी अचानक अंधारून आलं आणि वादळ सुरू झालं. काही बोटी परत वळल्या, आणि बंदराच्या तोंडाशी हर्कर नावाचे खडक आहेत, त्यांच्यावर येऊन फुटल्या, बायकापोरं किनाऱ्यावर उभी असताना, नावं ओळखू येतील इतक्या जवळ. ज्यांनी खोल समुद्रातच थांबायचं ठरवलं त्यातले काही दोन दिवसांनी जिवंत परत आले, तोवर घरच्यांनी आशा सोडली होती. या किनाऱ्यावरची एकूण १८९ माणसं गेली, त्यातली १२९ एकट्या आयमाउथची.

यात मला जी गोष्ट सोडवत नाही ती बंदराची. आयमाउथचं बंदर उथळ होतं, भरतीशिवाय बोटी आत घेता येत नसत, ते सुधारायला पैसा हवा होता. पण कित्येक वर्षं इथले मच्छीमार पकडलेल्या माशाचा दहावा हिस्सा चर्चला देत होते आणि त्याविरुद्ध भांडत होते, विली स्पीअर्स नावाच्या कोळ्याने तो लढा चालवला, त्याचा पुतळा गावात आहे. शेवटी १८६० च्या दशकात तडजोड झाली ती मोठी रक्कम भरून, ते कर्ज डोक्यावर, मग बंदराचं काम मागे पडत गेलं. वादळ कोणाच्या हातात नव्हतं, बंदर होतं.

किनाऱ्यावर आता जिल वॉटसन या शिल्पकार बाईंनी केलेल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. वाचलेले किंवा बुडालेले पुरुष नाहीत त्यात, फक्त बायका आणि मुलं, समुद्राकडे तोंड करून. मूर्ती लहान आहेत, हातभर उंचीच्या, त्यामुळे वाकून बघावं लागतं. एकीचा हात डोळ्यांवर आडवा, एकीने कडेवरच्या पोराचं डोकं स्वतःकडे वळवून धरलंय की काय असं वाटतं, कोणी कोणाचा तरी फडका घट्ट पकडलेला, वाऱ्याने सगळ्यांचे घागरे एकाच बाजूला उडालेले. आई तिथे बराच वेळ होती. तिच्या लहानपणी पावसाळ्याच्या तोंडाला होडी उशीर झाली की शेजारची काकी कशी दारात उभी राहायची ते तिने तिथे मला पहिल्यांदा सांगितलं. शताब्दीला, १९८१ मध्ये, गावातल्या बायकांनी या दिवसावर एक मोठी टॅपेस्ट्री भरली, बोटींची आणि माणसांची नावं सुईने काढलेली, तीही बघण्यासारखी आहे, कुठे आणि कधी बघता येईल ते गावात विचारून घ्या.

आयमाउथ एवढ्या दुःखावर सोडू नये असं मला वाटतं, गाव स्वतः त्यावर थांबलेलं नाही. बंदर चालू आहे, बोटी येतात, धक्क्याशी सील तोंड वर काढून माशाची वाट बघत असतात आणि लहान मुलं त्यांना बघून वेडी होतात. पलीकडच्या बाजूला गन्सग्रीन हाउस म्हणून १७५० च्या दशकातला देखणा वाडा आहे, जॉन निस्बेट नावाच्या व्यापाऱ्याचा, आणि हा व्यापारी चहाची चोरटी आयात करायचा. हो, चहाची. तेव्हा ब्रिटनमध्ये चहावरचा कर शंभर टक्क्यांच्याही वर गेला होता, म्हणून चहा रात्री बोटीतनं उतरवायचे, आणि या वाड्याच्या भिंतीत चहा ओतून ठेवायला एक छुपी नळी बांधलेली आहे. १७८४ मध्ये सरकारने कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि धंदाच बसला. बाबांना ही गोष्ट प्रचंड आवडली, त्यानंतर दर कपाला ते निस्बेटची आठवण काढायचे.

आतल्या भागात मोठमोठे वाडे आहेत, त्यातला एखादाच निवडा, सगळे करू नका, दमायला होतं. मँडरस्टन हे डन्सजवळचं, चांदीच्या कठड्याच्या जिन्यासाठी प्रसिद्ध. मालक सर जेम्स मिलर, बायको इव्हलिन कर्झन, म्हणजे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातनं माहीत असलेल्या लॉर्ड कर्झनची बहीण. सासरवाडीच्या केडलस्टन हॉलच्या तोडीचं घर हवं म्हणून त्याने खर्चाकडे बघितलं नाही, आणि गंमत बघा, कलकत्त्याचं गव्हर्न्मेंट हाउससुद्धा त्याच केडलस्टनवरून बांधलेलं. १९०५ च्या ऑक्टोबरात मेहुण्याने बंगालची फाळणी केली आणि नोव्हेंबरात इथे वास्तुशांतीचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ झाला. मिलर दोन-तीन महिन्यांत वारलाच. बघायला खुलं कधी असतं ते आधी चेक करा.

पॅक्स्टन हाउस त्याहून मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिपेंडेल या नावाजलेल्या इंग्लिश कारागिराचं फर्निचर, चित्रांची मोठी गॅलरी, सुंदर बाग, सगळं आहे. पण हे घर १७७३ मध्ये निनियन होम याने विकत घेतलं, आणि त्याचा पैसा ग्रेनाडा बेटावरच्या मळ्यांतला, गुलामांच्या श्रमाचा. तो पुढे तिथला गव्हर्नर झाला आणि १७९५ च्या उठावात मारला गेला. एवढं माहीत करून घेऊन मगच त्या खुर्च्यांकडे बघावं.

तिथून जवळच ट्वीडवर युनियन चेन ब्रिज आहे, १८२० चा, कॅप्टन सॅम्युअल ब्राउनने बांधलेला. लोखंडी साखळ्यांवर टांगलेला १३७ मीटरचा गाळा, बांधला तेव्हा जगात या प्रकारचा सगळ्यात लांब, आणि २०२३ मध्ये पूर्ण दुरुस्त होऊन परत उघडला. अजून गाड्या जातात त्यावरून. साखळी म्हणजे आपण समजतो तशा कड्या नाहीत, लांब लोखंडी सळया एकमेकींना टोकाशी जोडलेल्या, जवळनं बघा, हात लावून बघा. मधोमध उभं राहून गाडी गेली की पायाखाली किंचित हलतं. पलीकडे इंग्लंड.

डन्समध्ये जिम क्लार्क म्युझियम आहे. फॉर्म्युला वनचं वेड असलेलं कोणी बरोबर असेल तर त्यांना वेगळं सांगायला नको. हा चर्नसाइडजवळच्या एडिंग्टन मेन्स शेतावरचा मुलगा, मेंढ्या राखणारा, १९६३ आणि १९६५ चा वर्ल्ड चॅम्पियन, ७२ शर्यतींत २५ जिंकलेल्या, १९६५ ला अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० पण मारली, आणि ७ एप्रिल १९६८ ला जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर अपघातात गेला, बत्तिसाव्या वर्षी. माझा भाऊ म्युझियममध्ये रमला, मला मात्र चर्नसाइडच्या चर्चच्या आवारातली त्याची कबर जास्त आवडली. साधा दगड. त्यावर नावाखाली पहिलं लिहिलंय शेतकरी, एडिंग्टन मेन्स. वर्ल्ड चॅम्पियन त्याच्या खाली.

आता लॉडर. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, एडिनबराहून येणाऱ्या रस्त्यावरचं गाव. लोक इथे थर्लस्टेन कॅसल बघायला येतात, आणि बघावाच, सतराव्या शतकात ड्यूक ऑफ लॉडरडेलने तो वाढवला, त्याच्या छतावरचं प्लास्टरचं नक्षीकाम बघताना मान दुखते पण नजर हलत नाही. पण आम्ही गेलो ते बाबांसाठी. बाबा विल्सन कॉलेजचे. आणि ज्याच्या नावाचं ते कॉलेज तो जॉन विल्सन १८०४ साली या लॉडरमध्ये जन्मला.

विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट १८२९ मध्ये मुंबईत उतरले, आणि मराठी शिकायला म्हणून आधी कोकणात गेले, बाणकोट, हर्णै. काही महिन्यांत तो मराठीत बोलायला लागला. मार्गारेटनेही मराठी शिकून मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, आणि १८३५ मध्ये ती तिथेच वारली. विल्सनने १८३२ मध्ये गिरगावात सुरू केलेली शाळा वाढत वाढत कॉलेज झाली, चौपाटीसमोरची इमारत १८८९ ची, तोवर तो राहिला नव्हता. तो आला होता धर्मप्रसारासाठी, आणि त्यावरून मुंबईत मोठे वाद झाले, पारशी मुलांच्या धर्मांतरावरून तर कोर्टकचेऱ्या झाल्या, हे विसरून चालणार नाही, बाबाही विसरत नाहीत. पण त्याच माणसाने गिरनारच्या अशोकाच्या शिलालेखाचे ठसे मिळवून दिले, मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला, आणि सेहेचाळीस वर्षं आपल्या शहरात काढून १८७५ मध्ये तिथेच गेला.

लॉडरचा मेन रोड दहा मिनिटांत चालून होतो. जुनं चर्च आहे, १६७३ चं, चारी हात सारखे असलेल्या क्रॉसच्या आकाराचं. बाबा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "इथनं निघाला आणि हर्णैला पोचला, बघ." मग त्यांनी कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला, पलीकडे अंधेरीत, ठाण्यात, पुण्यात सत्तरीची मंडळी, आणि रस्त्यावर उभं राहून मोठमोठ्याने "अरे, विल्सनचं गाव, विल्सनचं!" बेकरीतनं बाहेर आलेल्या एका बाईंनी विचारलं काय चाललंय, बाबांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्यांनी परत आत जाऊन आम्हाला एक गरम बन आणून दिला.

लॉडरहून परतताना ड्रायबरा अ‍ॅबी करा. या भागातल्या चार मोठ्या मठांपैकी हा एकच बेरिकशायरचा, ११५० चा, ट्वीडच्या वळणात झाडांमध्ये लपलेला. लेखक वॉल्टर स्कॉट इथे पुरलाय. वाटेवर स्कॉट्स व्ह्यू नावाची जागा लागते, ट्वीडचं वळण आणि समोर आयल्डनच्या तीन टेकड्या, तिथे सगळेच थांबतात.

थोडं कामाचं. ट्रेनने यायचं तर रेस्टन स्टेशन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालंय, १९६४ पासून बंद होतं, एडिनबराहून पाऊण-एक तास. पण गाड्या कमी आणि पुढे बसही कमी, त्यामुळे आईवडील बरोबर असतील तर गाडीच घ्या. राहायला आयमाउथ किंवा डन्स. वाऱ्याचं जॅकेट जूनमध्येसुद्धा हवंच. व्हेज खाणाऱ्यांनी गावातल्या हॉटेलात जेवणाच्या भरवशावर राहू नका, दुपारचा डबा घेऊन निघा, थेपले उत्तम. पक्षी बघायचे तर जूनचा दुसरा पंधरवडा धरा. आणि ऑगस्टमध्ये येणार असाल तर पक्षी गेलेले असतील, पण लॅमरम्युअरवर हेदर नावाचं रानझुडूप फुललेलं असतं, मैलोन्‌मैल जांभळं, तेवढ्यासाठी एक दिवस कुठलंच तिकीट न काढता मोकळा ठेवा.